फ्रीजमधला पाय

माझ्या वडिलांचा उजवा पाय सध्या आमच्या फ्रीजमध्ये आहे. वरच्या कप्प्यात, बर्फाच्या ट्रेशेजारी. पाहुण्यांनी विचारलंच, तर आम्ही "तो पप्पांचा पाय" एवढंच सांगतो आणि विषय बाजारातल्या माशांकडे नेतो.

हे असं का झालं ते सांगायचं, तर आधी माझ्या शिक्षणाविषयी सांगायला हवं, कारण घोटाळ्याचं मूळ तिथेच आहे. मी बी.एस्सी. आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी लाजत सांगत नाही. निकाल लागला तेव्हा पप्पांनी माझी पदवी लॅमिनेट करून आणली आणि सायबिणीच्या, म्हणजे आमच्या मरियामायच्या तसबिरीशेजारी टांगली. मम्मी संध्याकाळी मेणबत्ती लावते, तेव्हा उजेड दोघींवर सारखाच पडतो. मी घरी शिकवण्या घेते. घन, द्रव आणि वायू हा धडा माझा इतका पाठ आहे, की त्यातलं काही माझ्याच घरात घडेल अशी शंकासुद्धा मला कधी आली नव्हती.

पप्पांची तारकर्लीला एक लहान होडी आहे. पर्यटकांना खाडीत फिरवून आणतात. होडी वाळूवरून पाण्यात ढकलायची, तर ढोपर मजबूत लागतं, आणि पप्पांचं उजवं ढोपर मागच्या हंगामाच्या तोंडावरच गेलं. सगळा हंगाम होडी माडाखाली उपडी पडून राहिली. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायला लागल्या. पप्पा खुर्चीत बसून होडीकडे बघायचे, मम्मी पप्पांकडे बघायची. शेवटी एकदा कळ मस्तकात गेली तेव्हा पप्पांनी आंगवण केली. आंगवण म्हणजे नवस. "सायबिणी, माझो पाय बरो कर, मी तुका माझ्याएवढो मेणाचो पाय दितलंय."

ढोपर बरं झालं. (डॉक्टरांची इंजेक्शनंही चालू होती, पण त्यांचं आमच्या घरात कोणी नाव घेत नाही.) या वर्षी होडी पुन्हा पाण्यात गेली आणि मे महिन्यात आंगवण फेडायची वेळ आली. रिक्षाने तासाभराच्या अंतरावर एका टेकडीवर लहानसं कपेल, म्हणजे छोटं चर्च आहे. तिथल्या फेस्ताला, म्हणजे जत्रेला लोक मेणाचे हात, पाय, कान, डोळे वाहतात. ज्याचं जे बरं झालं ते.

"फेस्तात तयार पाय मेळतत," मम्मी म्हणाली. "वीतभर. सगळे तोच घेतत."

"मी माझ्याएवढो बोललंय."

"सायबीण काय टेप घेवन बसली?"

"तिका टेप नको. तिका दिसता." पप्पांनी ढोपरावर हात ठेवला. "आंगवण अर्धी रवली तर ढोपार परत जातला. मगे होडी तू ढकलतलंस?"

या ठिकाणी शहाण्या माणसाने गप्प बसून आपली पेज संपवली असती. मी उठून उभी राहिले.

"मी करते पाय," मी म्हटलं. "एकदम सोपं आहे. द्रवाला स्वतःचा आकार नसतो. ज्यात ओताल त्याचा आकार तो घेतो."

"ओततलंस कशात?"

"पप्पांच्या पायात."

पप्पांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

मला म्हणायचं होतं पायाच्या ठशात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पप्पांना किनाऱ्यावर नेलं, ओल्या वाळूत आडवं केलं आणि त्यांचा उजवा पाय मांडीच्या मध्यापर्यंत वाळूत दाबायला सुरुवात केली. मी दाबते आहे, पप्पा आकाशाकडे बघत "हळू गो बाय" म्हणत आहेत, तेवढ्यात पुण्याचं एक जोडपं येऊन उभं राहिलं.

"ही कसली थेरपी आहे का?" बाईंनी विचारलं.

"होय," पप्पा म्हणाले. "ढोपराची."

"फरक पडतो?"

"माका पडलो."

मी मेण आणायला घरी जाऊन परत येईपर्यंत पप्पांच्या शेजारी ते जोडपं आणि आणखी दोन अनोळखी माणसं एकेक पाय वाळूत घालून ओळीने पडली होती, आणि पप्पा त्यांना ढोपर सरळ ठेवायला सांगत होते.

मेण म्हणजे मम्मीने वर्षानुवर्षं बिस्किटाच्या डब्यात साठवलेली मेणबत्त्यांची थुटकं. लग्नातली पांढरी, नाताळची लाल, माझ्या वाढदिवसांची गुलाबी. सगळी वितळल्यावर रंग झाला सोलकढीचा. मी ते ठशात ओतलं, थंड होऊ दिलं आणि उपसून काढलं. आकार मागच्या बाजूने पप्पांचा होता, अगदी पोटरीच्या फुगवट्यासकट. पुढच्या बाजूने फळी होती. (ठसा अर्ध्याच पायाचा निघतो हे माझ्या उशिरा लक्षात आलं. पाच बोटं मी उरलेल्या मेणाची वळून चिकटवली.) आणि अंगभर वाळू चिकटलेली.

मम्मीने तो फिरवून बघितला. "रवो लावलेली सुरमय दिसता. तळूची काय?"

पण पप्पांनी तो मांडीवर घेतला, पोटरीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "माझोच." त्यांचे डोळे भरून आले होते. त्यामुळे पुढे जे झालं ते मला जास्त लागलं.

फेस्ताच्या दिवशी आमच्या शेजारच्या आबांची रिक्षा ठरवली होती. आंगवणीच्या वस्तू दुपारची मिसा, म्हणजे प्रार्थना संपेपर्यंतच घेतात, त्यामुळे मी पहाटेपासून अंगणात येरझारा घालत होते. ऊन चढायच्या आत निघायचं ठरलं होतं. पण मम्मीला कानातलं सापडेना, मग आबांना किल्ली सापडेना, मग पप्पांना टोपी. निघालो तेव्हा ऊन कौलांवर आलं होतं.

"पाय मांडयेर घेतंय," पप्पा म्हणाले.

"नको, ऊन लागेल." मी सगळा विचार करून ठेवला होता. पाय गोधडीत गुंडाळला आणि आमच्या पाठीमागे, सीटच्या मागच्या कप्प्यात आडवा ठेवला. सावली. गोधडी. वारा नाही. याहून शास्त्रशुद्ध जागा रिक्षात दुसरी नव्हती.

रिक्षाचं इंजिन कुठे असतं, हे बी.एस्सी.ला नव्हतं.

मला बसवत नव्हतं. दर वळणाला मी मागे वळून गोधडीवर हात ठेवत होते. गोधडी ऊबदार लागत होती, पण गोधडी ऊबदारच असते. घाटी लागली, रिक्षा कण्हत चढायला लागली, आणि मम्मीने नाक वर केलं.

"कोणी मेणबत्ती पेटयली?"

"गाडी थांबवा आबा," मी म्हटलं.

गोधडी उघडली. आमच्या पाठ्यपुस्तकात घन आणि द्रव यांच्यामध्ये एक स्वच्छ रेघ असते. अलीकडे घन, पलीकडे द्रव. मेणाला ही रेघ कोणी दाखवलेली नसते. ते अलीकडेच बसून नरम व्हायला लागतं, खचतं, वाकतं, आणि वितळलो असं मात्र कबूल करत नाही. पाय कप्प्याच्या कडेवरून खाली लोंबला होता. वाकला होता तो नेमका ढोपरात.

आबांनी वाकून बघितलं आणि पप्पांना म्हणाले, "बस्त्याव, तुझो पाय बसलो बघ."

पप्पा रिक्षातून उतरले तेव्हा बरे होते. पायाकडे बघितलं आणि त्यांनी आबांच्या खांद्याचा आधार घेतला.

"माझा ढोपार दुकता."

"पप्पा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

"तुका दुकता काय माका दुकता?"

यावर विज्ञानाकडे उत्तर नाही. पप्पा खरोखरच लंगडत होते. रिक्षापासून आंब्याच्या सावलीपर्यंत गेले ते उजवा पाय वाकवून, हुबेहूब मेणाच्या पायासारखा. मम्मी माझ्याकडे बघत होती, आणि मला माडाखाली उपडी होडी दिसत होती आणि तिच्याखाली कोंबड्या.

"नरम आहे तोवर सरळ करता येईल," मी म्हटलं. "आबा, तुम्ही तंगडी धरा."

मी पाऊल धरलं. ओढलं. पाय सरळ झाला, आणि सरळ होता होता लांब झाला. पोटरी बारीक होऊन ढोपर आणि घोट्यामधलं अंतर हातभर वाढलं.

पप्पा सावलीतून म्हणाले, "आता तो माझ्या भावाचो दिसता. तो लांबडो."

तो मी परत आत ढकलला. मधोमध एक गाठ आली. मम्मी म्हणाली, "हात लावू नको आता, नायतर तिसरा ढोपार येतला." आणि मी पाय हातात धरून उभी राहिले तर तो माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा खाली झुकायला लागला. त्याला थंड करायला हवं होतं, ताबडतोब. घाटीच्या माथ्यावर एक मासेवाली बसली होती. समोर थर्माकोलचा खोका, खोक्यात बर्फ, बर्फात बांगडे. मी पाय खांद्यावर टाकून धावत सुटले.

"मावशी, हा थोडा वेळ बर्फात ठेवू?"

तिने पाय बघितला. "कोणाचो गो हो?"

"माझ्या पप्पांचा."

तिने मागून लंगडत येणाऱ्या पप्पांकडे बघितलं, त्यांचे दोन्ही पाय नीट मोजल्यासारखे पाहिले. "मगे ह्यांका पाय तरी किती?"

आंगवणीचं सांगितल्यावर मात्र तिने लगेच बांगडे बाजूला सारले. सायबिणीचं काम म्हटल्यावर तिकडची हिंदू मासेवालीही नाही म्हणत नाही. पाय बर्फात, वरून बांगडे, वरून झाकण. मी खोक्याभोवती फेऱ्या मारत होते. पप्पा दगडावर बसून ढोपर चोळत होते. कपेलाची पहिली घंटा टेकडीवरून ऐकू आली, आणि त्याच वेळी मोटरसायकलवरून एक गिऱ्हाईक आलं.

"बांगडे ताजे?"

"बघून घे," मावशी सवयीने बोलून गेली.

त्याने झाकण उचलून हात घातला. चाचपला. मग हळूच बांगडे बाजूला करून बघितलं. बर्फातून पाच बोटं वर आली होती.

"ह्या काय?"

"तो इकूचो नाय," मावशी म्हणाली. "तो ह्यांचो आसा."

त्याने पप्पांकडे बघितलं. पप्पांनी मान डोलावली. मोटरसायकल घाटी इतक्या वेगाने उतरली, की आबा म्हणाले, आज कोणाचो तरी खरो पाय मोडतलो.

पाय बाहेर काढला तेव्हा तो दगडासारखा कडक होता. मी जिंकले होते! मी तो पप्पांना दाखवायला दोन्ही हातांनी वर धरला, बोटाने टकटक वाजवून दाखवला, आणि कट्‌ असा आवाज झाला. एकदम गार केलेलं मेण कडक होतं तसंच ठिसूळ होतं. हे मला माहीत होतं. ते मला आठवलं तेव्हा माझ्या डाव्या हातात मांडी होती आणि उजव्या हातात पोटरी.

पप्पांनी "सायबिणी" म्हणून पाय जमिनीवरून उचलला, तो परत टेकवलाच नाही.

"आता काय प्लास्टर घालया?" आबांनी विचारलं.

"माचिस द्या," मी म्हटलं.

दोन्ही टोकं तापवून जोडायची. शाळेतली पोरंसुद्धा करतात. मी काडीवर काडी ओढत होते, वाऱ्याने विझत होती, मेणातून पांढरा धूर निघत होता. ("हा वायू," मी सवयीने म्हटलं. कोणी वहीत लिहून घेतलं नाही.) दुसरी घंटा झाली. टोकं पाझरायला लागली तशी मी घाईघाईने दोन्ही दाबून धरली, फुंकर मारली, वरून बर्फाचा तुकडा फिरवला. घट्ट बसलं. मग मी ते सगळ्यांसमोर धरलं.

आबांनी मान तिरकी करून बघितलं.

फळीची बाजू वर एका अंगाला होती आणि खाली दुसऱ्या. पाऊल मागच्या दिशेला होतं.

"शिरा पडो तुझ्या शिक्षणार," मम्मी म्हणाली. "भुताचो पाय केलंस! उलट्या पावलाचो! हो सायबिणीक दितलंस?"

"मी आता फाटीफुडे चलतलंय?" पप्पांनी अगदी हळू विचारलं. उलटं चालावं लागेल, हे ते चेष्टेत बोलत नव्हते.

परत तोडायला वेळ नव्हता. मी पाय गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि उरलेला रस्ता त्याच्यावर बर्फाचा खडा फिरवत बसले. बर्फाचं पाणी होऊन माझ्या फेस्ताच्या ड्रेसवरून मम्मीच्या साडीवर आणि तिथून पप्पांच्या नव्या पॅंटवर जात होतं. त्याला बांगड्याचा वास होता. कपेलाच्या पायऱ्यांशी आम्ही उतरलो, तेव्हा पप्पा आबांच्या खांद्यावर एका पायाने उड्या मारत होते, मी गोधडी छातीशी धरून पुढे होते, आणि माझ्या मागून टेकडीवरची मांजरं मिरवणुकीने चढत होती.

आत लोकांच्या हातांत वीतभर, पांढरेशुभ्र, सरळ पाय होते. माझी पाळी येईपर्यंत मिसा संपत आली. वस्तू घेणाऱ्या माणसाने माझी गोधडी बघितली, मांजरं बघितली आणि विचारलं, "बाळ काय?"

"पाय," मी म्हटलं. "गोधडीसकट घेतलात तर बरं होईल."

त्याने गोधडी सोडली. पाय बघितला. वास घेतला. मग पाय घेऊन तो कपेलाच्या मागच्या दाराने बाहेर गेला, आणि मी त्याला थांबवायला मागून धावले.

मागे तीन दगडांवर एक भलंमोठं भांडं चुलीवर होतं. त्यात सकाळपासून वाहिलेले हात, पाय, कान एकमेकांना धरून तरंगत होते आणि एक जण काठीने ढवळत होता. शेजारी मेणबत्त्यांचे साचे मांडलेले. सकाळच्या पायांच्या संध्याकाळी मेणबत्त्या होतात, हे त्या गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि मी कोणाला विचारलं नव्हतं. माझ्या समोर पप्पांचा पाय भांड्यात पडला. क्षणभर उलटं पाऊल वर करून उभा राहिला, मग ढोपरात वाकला, मग खाली बसला. जे होऊ नये म्हणून मी सकाळपासून धावत होते, ते तो ढवळणारा आरामात, विडी ओढत करत होता.

पप्पा पायरीवर बसले होते, दोन्ही हातांनी ढोपर धरून. त्यांनी मला लांबूनच विचारलं, "दिलंस?"

"दिला."

"घेतल्यान?"

"घेतला."

त्यांनी मग विचारलं, "थंय तो कसो आसा? सरळ आसा?"

मला मागचं भांडं आठवलं. द्रवाचा पृष्ठभाग नेहमी सपाट असतो.

"एकदम सरळ, पप्पा," मी म्हटलं. "कुठेच वाकलेला नाही."

पप्पांनी पाय हळूच जमिनीवर टेकवला. त्यावर भार दिला. उभे राहिले. आणि मग मम्मीसाठी गुळाचं खाजं आणायला दुकानांच्या रांगेकडे असे काही झपाझप चालत गेले, की आबांना त्यांच्या मागून पळावं लागलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण संध्याकाळी निघताना मम्मीने आशीर्वाद म्हणून तिथली एक ताजी मेणबत्ती विकत घेतली. घरी येऊन सायबिणीसमोर लावली. ती तडतडली. कपेलाच्या मेणबत्त्या तडतडत नाहीत, वाळू असल्याशिवाय. मग खोलीभर बांगड्याचा मंद वास पसरला. आमचं मांजर आलं आणि तसबिरीखाली डोळे मिटून बसलं, इतक्या भक्तीने ते कधीच बसलं नव्हतं. पप्पांनी मेणबत्तीकडे नीट बघितलं. रंग किंचित सोलकढीचा होता.

"ह्यो माझोच," ते म्हणाले.

"खुळ्यासारख्या बोलू नका," मम्मी म्हणाली, पण तिनेही क्रूस केला.

मे महिन्याची उकड होती. आम्ही तिघं बघत असतानाच मेणबत्ती मधोमध, हळूहळू, अदबीने वाकायला लागली. पप्पांचा हात ढोपरावर गेला.

या ठिकाणीही शहाणं माणूस गप्प बसलं असतं. मी उठले, मेणबत्ती विझवली, सरळ केली आणि फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवली.

तेव्हापासून पप्पा रोज सकाळी आधी फ्रीज उघडतात, पाय सरळ आहे बघतात, दार लावतात आणि होडी ढकलायला जातात. ढोपर ठणठणीत आहे. अडचण एकच. परवा सकाळी लाईट गेली, ती दुपार झाली तरी येईना. पप्पा होडी अर्ध्या वाळूत सोडून घरी आले. लंगडत.

"लाईट इली?"

"नाय अजून," मम्मी म्हणाली.

"तरीच," म्हणून ते खुर्चीत बसले आणि होडीच्या दिशेला बघायला लागले.

मला ते बघवेना. घरात बी.एस्सी. झालेली मी एकटीच, तेव्हा वीज कंपनीला फोनही मीच केला. पलीकडच्या माणसाने विचारलं, तक्रार काय? मी म्हटलं, "लवकर या, माझ्या वडिलांचा पाय वितळतोय."

लाईट यायला संध्याकाळ झाली. त्या माणसाने पाठवलेली अ‍ॅम्ब्युलन्स मात्र लगेच आली. स्ट्रेचर घेऊन दोघं धावत आत शिरले आणि विचारलं, "पाय कुठे आहे?"

मी फ्रीज उघडला.